नवा प्रोसेसर मागवण्याआधी काय काय बघून ठेवावं

लग्नाचा सीझन आटोपला आणि मिरग लागायला पंधरा दिवस उरले, की आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, नवो प्रोसेसर इलो हा, घेव काय?" हातात चार पैसे आलेले असतात, आणि मे महिन्यातल्या रात्री एक्स्पोर्टच्या (तयार व्हिडिओची फाईल निघण्याच्या) पट्टीकडे बघत काढलेल्या असतात. घाई समजते मला. पण आधी थोडी तयारी करा. दरवर्षी फोनवर सांगतो, ते यंदा लिहूनच ठेवतो.

आधी एक वही घ्या. आठवडाभर काम करताना संगणकाने जिथे जिथे थांबवलं ते त्यात लिहा: टाइमलाइन (क्लिपा जिच्यावर लावतो ती एडिटिंगची पट्टी) अडकली, कार्डातलं फुटेज उतरायला वेळ लागला, एक्स्पोर्टला इतकी मिनिटं गेली. प्रत्येक वेळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) १०० टक्के आणि बाकी सगळं निवांत, तर अडचण प्रोसेसरची. डिस्क १०० वर आणि सीपीयू वीस-पंचवीसवर, तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) लावा, प्रोसेसरचे पैसे वाचतील. मेमरी काठोकाठ भरत असेल तर रॅम वाढवा. एक जागा मात्र फसवी आहे. एकूण सीपीयू कमी दिसतो, पण प्रोसेसरमधला एकच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारा एक भाग) पूर्ण राबत असतो. आलेखावर उजवं क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा, म्हणजे ते लगेच कळतं. अशा कामाला सोळा कोअर देऊन उपयोग नाही, एका कोअरचा वेग जास्त हवा.

वहीतल्या नोंदींत आणखी एक फरक करा. रात्री एक्स्पोर्टला लावून तुम्ही झोपता, तो चाळीस मिनिटांचा अठ्ठावीस झाला तरी तुमच्या आयुष्यात काही बदलत नाही. दर कटला दोन सेकंद अडकणारी टाइमलाइन मात्र दिवसाचे तास खाते. पैसे तिच्यासाठी घाला.

मग कॅबिनेट उघडा. हे मी गेल्या वर्षी गणपती झाल्यावर केलं, आणि आधीच का केलं नाही असं वाटलं. माझा रायझन ५ ३६०० (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) एक्स्पोर्टच्या वेळी ९५ अंशांना टेकत होता. त्या चिपची कमाल मर्यादा तीच, म्हणजे ती स्वतःच वेग कमी करून जीव वाचवत होती. कूलरच्या पात्यांमध्ये राखाडी थर बसला होता, आणि खाऱ्या दमट हवेने तो इतका चिकट झाला होता की ब्लोअरने हलेना. मऊ ब्रशने एकेक फट साफ करावी लागली. खालची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) सहाणेवर वाळलेल्या गंधासारखी भुकटी झाली होती. साफ करून नवी पेस्ट लावली, तर तापमान ऐंशीच्या आत आलं आणि तोच प्रोजेक्ट ४१ ऐवजी ३५ मिनिटांत निघाला. एका पेस्टच्या ट्यूबमध्ये काम झालं. आपल्याकडे हे दर पावसाळ्यानंतर करायलाच हवं. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं राबवून गरम करा, मग बंद करून वायर काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. एएम४ मध्ये (हे एएमडीचं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पिना प्रोसेसरला असतात. थंड, सुकलेल्या पेस्टसकट ओढलात तर तो सॉकेटमधून कूलरला चिकटूनच वर येतो आणि पिना वाकतात.

लग्नाचं काम करणाऱ्यांनी आता कॅमेऱ्याकडे बघा. नवे मिररलेस कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये (रंगांचा जास्त तपशील ठेवणारा, पण उलगडायला जड असा व्हिडिओचा प्रकार) रेकॉर्ड करतात, आणि अडकणाऱ्या टाइमलाइनचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. हे फुटेज उलगडणारं खास हार्डवेअर इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये ११व्या पिढीपासून आहे. एनव्हिडियाच्या कार्डात ते आलं २०२५च्या ५० मालिकेत. म्हणून या कामासाठी इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी एफ असलेला प्रोसेसर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्यातलं ग्राफिक्स बंद असतं. आणि खर्च करण्याआधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून काम करून बघा. तेवढ्यानेच हात मोकळा झाला तर या वर्षी थांबता येईल. ८-बिटमध्ये शूट करणाऱ्याला हे खास हार्डवेअर लागत नाही.

मदरबोर्डचं नाव आणि बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती वहीत उतरवून घ्या, कारण खरा खर्च तिथून ठरतो. एएम४ बोर्ड असेल तर नशीब चांगलं. २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत तेच सॉकेट चाललं, त्यामुळे बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून आठ कोअरचा ५७००एक्स बसतो. रॅम तीच, बोर्ड तोच. मात्र त्याच्या खोक्यात कूलर येत नाही आणि चिपमध्ये ग्राफिक्स नाही. एएम५ या पुढच्या सॉकेटवर जायचं तर बोर्ड नवा आणि डीडीआर५ रॅमही नवी. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेलाही तेच. २०२५च्या अखेरीला रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून ही बेरीज आधी करणं फार गरजेचं झालंय. माझं मत स्पष्ट आहे: चांगला चालणारा एएम४ बोर्ड असेल तर आत्ता नवं सॉकेट घेऊ नका.

मुंबईहून कुणी सेकंडहँड १३व्या किंवा १४व्या पिढीचा इंटेल आय७ किंवा आय९ आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. जास्त व्होल्टेजमुळे त्यातल्या चिप कालांतराने अस्थिर होऊ शकतात हे इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं. मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती आली, पण आधीच झिजलेली चिप त्याने बरी होत नाही.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ साठी इंटेलची ८वी पिढी किंवा रायझन २००० मालिका लागते. त्याहून जुनं मशीन असेल तर बदलायला हेच कारण पुरेसं आहे.

आता विजेचं बघा. मे-जूनच्या वळवाच्या पावसात लाईट किती वेळा जाते ते आपल्याला सांगायला नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ६५ वॅटचा रायझन भर कामात ८८ वॅटपर्यंत ओढतो, इंटेलचा १४७००के २५३ पर्यंत. वर ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर. म्हणजे एक्स्पोर्ट चालू असताना लाईट गेली की यूपीएसही बसू शकतो. नव्या प्रोसेसरच्या किमतीत मोठा यूपीएस धरूनच हिशोब करा. बायोस अपडेट यूपीएसशिवाय अजिबात करू नका, मध्येच वीज गेली तर बोर्ड हातचा जातो. आणि हे अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच उरकून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. जांभ्यातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावं लागतं.

बिलाची गोष्ट एका फटक्यातून शिकलो. एकदा बाहेरगावच्या दुकानातून प्रोसेसर आणवला, तो खोक्याशिवाय, ट्रेमधला (संगणक बनवणाऱ्यांना सुटा पुरवतात तसला) निघाला. वर्षाच्या आत बिघडला तेव्हा दुकानदाराने हात वर केले. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी सीलबंद खोक्यातल्या मालाला असते. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. दुरुस्तीसाठी माल कोल्हापूरला किंवा मुंबईला पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस तुमचं काम बंद राहतं, म्हणून हे जपायचं. जीएसटी १८ टक्के असतो. नोंदणी असेल तर बिल धंद्याच्या नावाने घ्या, क्रेडिट मिळतं.

इतकं करूनही घ्यायचंच ठरलं, तर वहीतला सगळ्यात त्रासाचा प्रोजेक्ट निवडा, साफ केलेल्या जुन्या प्रोसेसरवर तो तीनदा चालवा आणि मिनिटं लिहा. गिऱ्हाईकाचा डेटा दोन ठिकाणी उतरवून ठेवा. बदल जूनच्या पहिल्या आठवड्यात करा, डिलिव्हरी बाकी असताना नको. नवा बसवल्यावर तोच प्रोजेक्ट पुन्हा तीनदा चालवून वेळ शेजारच्या रकान्यात लिहा. जुना प्रोसेसर त्याच्या प्लास्टिकच्या कवचात, सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि नवा एक पावसाळा नीट चालेपर्यंत तो विकू नका.