उन्हाळी संशोधन इंटर्नशिपचे पहिले तीन आठवडे

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेत रुजू होणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात काहीतरी निष्कर्ष हाती लागावा असे वाटते, परंतु हे दिवस मुख्यतः हात बसण्यासाठी असतात. एकच कृती आज आणि उद्या सारख्याच रीतीने करून सारखेच उत्तर मिळवता येणे, एवढे पहिल्या तीन आठवड्यांत साधले तरी पुढचे काम सुकर होते. येथे उदाहरणादाखल डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगाचे काम घेतले आहे. सोलापूरजवळील केगाव येथे २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्यामुळे आणि जिल्ह्यात या पिकाच्या बागा सर्वत्र असल्यामुळे तेल्या सोलापूरकरांना नवा नाही.

रुजू होण्यापूर्वी मार्गदर्शकांचे एक-दोन शोधनिबंध वाचावेत आणि त्यातही ‘साहित्य व पद्धती’ हा भाग आधी वाचावा, कारण पहिले काही दिवस आपला संबंध त्याच भागाशी येतो. मार्गदर्शक सर किंवा मॅडम कामात असतात. रोजचे बारीकसारीक प्रश्न पीएच.डी. करणाऱ्या ताई-दादांना विचारावेत आणि न सुटलेले तेवढे लिहून ठेवून आठवड्याच्या बैठकीत मांडावेत. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, मात्र प्रयोगशाळेतील अनुभवी मामांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा. १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाब आल्यानंतरच १५ मिनिटे मोजायची असतात आणि दाबाचा काटा शून्यावर आल्याशिवाय झाकण उघडायचे नसते, हे पुस्तकात असतेच. पण आपल्या प्रयोगशाळेतील जुन्या यंत्राचा स्वभाव मामाच सांगू शकतात.

अगदी थोडा द्रव मोजून घेणाऱ्या मायक्रोपिपेटचा सराव साध्या पाण्यावर करावा. १००० मायक्रोलिटर पाणी तराजूवर सुमारे एक ग्रॅम भरले पाहिजे. ओळीने दहा वेळा घेतलेली वजने एकमेकांजवळ येईपर्यंत खऱ्या नमुन्याला हात लावू नये.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे करावा लागतो. परदेशी पुस्तकातील ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ ही सूचना साधारण २५ अंश गृहीत धरते, तर मे महिन्यात येथे बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि वातानुकूलन नसलेली खोलीही तापलेली असते. तेल्याचा जिवाणू, म्हणजे झँथोमोनास, वाढवण्यासाठी सुमारे २८ अंश लागतात. साधा इन्क्युबेटर केवळ ऊब देतो, खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. म्हणून शीतकरणाची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटरच वापरावा आणि वीज गेली असल्यास किती वेळ गेली याची नोंद करावी. निर्जंतुकीकरणासाठीच्या ७० टक्के अल्कोहोलची बाटली उघडी राहिल्यास पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडते व द्रावण सौम्य होत जाते. उकाडा कितीही असला तरी बर्नर पेटलेला असताना पंखा बंदच ठेवावा लागतो, कारण वाऱ्याने ज्योत हलते आणि हवेतील जंतू प्लेटमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवण्याचे माध्यम भरलेल्या चपट्या बशीत, पडतात. घाम पुसायला रुमाल जवळ असावा, पण हातमोजे घातलेल्या हाताने तो घेऊ नये.

नमुन्यासाठी बागेत जायचे असल्यास सकाळी लवकर निघावे आणि शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्यांच्याकडून वाण, बहार व शेवटची फवारणी यांची माहिती तिथेच लिहून घ्यावी. तेलकट डाग असलेली पाने कागदी पाकिटात ठेवावीत; प्लॅस्टिकच्या पिशवीत वाफ धरते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत भलतीच बुरशी माजू शकते. डागाच्या कडेचा पातळ तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास कापलेल्या कडेतून जिवाणूंचा ढगाळ प्रवाह बाहेर येताना दिसतो. तो दिसला तरच पुढे प्लेट लावण्यात अर्थ आहे. प्लेटवर दोन-तीन दिवसांनी पिवळ्या, चकचकीत वसाहती येतात. दुसऱ्याच दिवशी भराभर पसरलेले काही दिसले, तर आनंदित होण्याऐवजी बाहेरच्या जंतूचा संशय घ्यावा. यासाठीच नमुना न घातलेली एक प्लेट दरवेळी सोबत ठेवायची असते.

प्लेटवरील नाव व तारीख झाकणावर न लिहिता तळाच्या बाजूला लिहावी, कारण झाकणांची अदलाबदल होते. नोंदवही पक्क्या बांधणीची असावी. चूक खोडरबराने पुसू नये. तिच्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो. माध्यम कोणत्या दिवशी बनवले, सामू (पीएच) किती आला, खोलीचे तापमान किती होते, या गोष्टी काम करतानाच लिहाव्यात. रात्री वसतिगृहावर आठवून लिहिलेली वही फार व्यवस्थित दिसते आणि म्हणूनच तिच्यावर फारसा विश्वास ठेवता येत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांसमोर एक पान ठेवावे. कोणती कृती आता विनासाहाय्य जमते, कोणत्या प्लेटा फुकट गेल्या व त्याचे संभाव्य कारण काय, आणि उरलेल्या दिवसांत तपासता येईल असा एकच प्रश्न कोणता, एवढेच त्यावर असावे. प्रश्न नेमका व आटोपशीर असावा. ‘तेल्यावर उपाय शोधणे’ हा दोन महिन्यांचा विषय होत नाही, पण एखाद्या वनस्पतीच्या अर्काने प्लेटवरील जिवाणूची वाढ थांबते का, हे तेवढ्या अवधीत तपासता येते.