आयफेलच्या खेड्यात बस चुकू नये म्हणून

जर्मनीच्या आयफेल पठारावर जुन्या ज्वालामुखींच्या विवरांत गोल तळी साचली आहेत, त्यांना मार म्हणतात. अशाच एका माराच्या काठी शाल्केनमेरन हे छोटेसे गाव आहे. या भागात फिरताना खरी पंचाईत होते ती बसची. वेळापत्रकात बस दिसते, पण थांब्यावर ती येतच नाही! यातल्या काही फेऱ्या आधी कळवले तरच निघतात.

१. बसच्या वेळापत्रकाच्या ॲपमध्ये नुसती वेळ पाहून थांबू नका, फेरीवर बोट ठेवून तिचा तपशील उघडा. तिथे ‘रूफबुस’ (Rufbus, म्हणजे बोलावल्यावर येणारी बस) किंवा ‘आनमेल्डुंग’ (Anmeldung, म्हणजे नोंदणी) हे शब्द किंवा फोनचे चिन्ह दिसले, तर ती फेरी नोंदवावी लागते. किती आधी, तेही तिथेच असते.

२. ‘शुलटाग’ (Schultag) लिहिले असेल तर ती बस फक्त शाळेच्या दिवशी. उन्हाळी सुट्टीत पर्यटक नेमके इथेच अडकतात.

३. जातानाची फेरी नोंदवताना परतीचीही नोंदवून टाका. जर्मन येत नसेल तर तुम्ही उतरला आहात तिथल्या घरमालकांना फोन करायची विनंती करा.

बस नसेलच तर जवळच्या डाउन (Daun) या शहरातून शाल्केनमेरनला चालत या. वाट गेम्युंडनर आणि वाइनफेल्डर या दोन मारांजवळून जाते आणि फार सुंदर आहे. फक्त वाइनफेल्डरमध्ये पोहायला उतरू नका, तिथे बंदी आहे.

रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे पाणी-खाणे शनिवारीच घेऊन ठेवा.