घरगुती व्हिडिओ एडिटिंगचा पीसी: पैसे कुठे घालायचे

बारशाचे, लग्नाचे मोबाइल व्हिडिओ घरीच जोडायचे आहेत? नागपुरात बर्डीत दुकानदार आधी रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि गेमिंग ग्राफिक्स कार्ड दाखवेल. दोन्ही सध्या राहू द्या.

प्रोसेसर मात्र नीट बघा. हल्लीचे बरेच फोन एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतात आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर तेच अडखळतं. इंटेलची ‘क्विक सिंक’ सोय हे काम हलकं करते, पण ती प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये असते. म्हणून इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर घ्या. थोडा स्वस्त मिळतो म्हणून १२४००एफ नको. ‘एफ’मध्ये ते ग्राफिक्सच नसतं, मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

रॅम १६ जीबी, तीही ८-८ च्या दोन पट्ट्यांत. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांनी त्याला वेग मिळतो. विंडोज आणि चालू काम एसएसडी या वेगवान डिस्कवर, जुनं फुटेज साध्या हार्ड डिस्कवर.

लॅपटॉप? तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त काम देतो, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत लॅपटॉप तापून मंदावतो. डेस्कटॉपही कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, दमट हवा आत जाते.

फोर-के तरीही अडखळलं तर सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवा. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीतही ती सोय आहे.