जुन्या रोबो अ‍ॅनिमेचा ब्लू-रे सेट घेताय? आधी हे बघा
१९७९ चा मोबाइल सूट गंडम किंवा तसलाच जुना रोबो अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) घेणार असाल तर बॉक्सच्या चकाचक चित्राला भुलू नका, आधी एपिसोड मोजा. गंडमचे टीव्हीवर ४३ आले पण अमेरिकन सेटमध्ये ४२च, पंधरावा दिग्दर्शक तोमिनोंच्याच सांगण्यावरून गाळलाय. मग चित्र ४:३ (जुन्या टीव्हीसारखं चौकोनी) आहे ना बघा, ताणलेलं नको, आणि वर-खाली कापून १६:९ (रुंद) केलं असेल तर रोबोचं डोकंच गायब! चित्रात बारीक दाणे दिसले तर घाबरू नका, ते मूळ फिल्मचेच आहेत, उलट सगळं गुळगुळीत आणि शाईच्या रेघा पुसट असतील तर नॉइज रिडक्शन (दाणे पुसायची प्रक्रिया) जास्त मारलंय, असला सेट मला कुणी फुकट दिला तरी नको. आणि हो, ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे रीजन म्हणजे विभाग पाडलेत, जपान-अमेरिका रीजन ए, आपला भारत सी, डिस्क तिच्या रीजनला लॉक असेल तर इथल्या प्लेयरवर डिस्क चालणारच नाही.