‘या बियाण्यानं कुपोषण हटेल’: दावा तपासायचा कसा

जीएम (जनुकं बदललेल्या) पिकांवरची चर्चा कॉलेजात असो की ग्रामसभेत, थोड्याच वेळात ‘गोल्डन राइस’ या तांदळाचं नाव निघतं. एक बाजू म्हणते, हा तांदूळ आधीच पेरला असता तर लाखो मुलांची दृष्टी वाचली असती. दुसरी म्हणते, त्यासाठी रोज नऊ किलो भात खावा लागेल. नऊ किलो हा आकडा हवेतून आलेला नाही आणि त्याच्या उलट सांगितला जाणारा पन्नास ग्रॅमचा आकडाही नाही. दोन्ही एकाच सूत्रातून निघतात. ते सूत्र फळ्यावर मांडलं की अर्धा आरडाओरडा आपोआप थांबतो.

त्याआधी ‘कुपोषण’ हा शब्द फोडून घ्या. खुजेपणा, लुकडेपणा, रक्तक्षय आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता ही चार वेगळी दुखणी आहेत. गोल्डन राइसमध्ये बदल एवढाच, की दाण्यात बीटा-कॅरोटीन तयार होतं आणि शरीर त्याचं अ जीवनसत्त्व बनवतं. उष्मांक आणि प्रथिनं साध्या तांदळाइतकीच. जन्मतः कमी वजनाच्या किंवा सतत जुलाबानं खंगलेल्या बाळाला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून दावा करणाऱ्याकडून एक वाक्य पुरं करून घ्या: ‘अमुक पिकातलं अमुक तत्त्व अमुक वयाच्या मुलांची अमुक कमतरता भरून काढील.’ हे वाक्य पुरं होत नसेल तर पुढचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

हिशेब असा:

लागणारा कोरडा तांदूळ (ग्रॅम) = अ जीवनसत्त्वाची रोजची गरज × रूपांतराचं प्रमाण ÷ एका ग्रॅम तांदळातलं बीटा-कॅरोटीन (गरज आणि बीटा-कॅरोटीन दोन्ही मायक्रोग्रॅममध्ये)

रूपांतराचं प्रमाण म्हणजे किती भाग बीटा-कॅरोटीनपासून एक भाग अ जीवनसत्त्व मिळतं ते. भाज्या-फळांसाठी ते साधारण १२ धरतात. स्वित्झर्लंडचे इंगो पोट्रिकस आणि जर्मनीचे पीटर बायर यांनी २००० साली जाहीर केलेल्या पहिल्या वाणात ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड (बीटा-कॅरोटीन ज्या गटातलं, ती रंगद्रव्यं) होतं. प्रौढ बाईची गरज ५०० धरली तर ५०० × १२ ÷ १.६ = ३,७५० ग्रॅम. शिजल्यावर हा भात नऊ किलोच्या घरात जातो. २००१ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेनं सांगितलेला आकडा तो हाच, आणि रूपांतराचं प्रमाण १२ धरलं तर त्या वाणापुरता तो बरोबरही होता.

२००५ मध्ये डॅफोडिल या फुलझाडाच्या जनुकाऐवजी मक्याचं जनुक वापरून कॅरोटिनॉइड ग्रॅममागे ३७ मायक्रोग्रॅमपर्यंत चढवलं गेलं. २००९ मध्ये पाच निरोगी अमेरिकी प्रौढांवरच्या अभ्यासात रूपांतराचं प्रमाण ३.८ निघालं. आता ५०० × ३.८ ÷ ३७ = ५१ ग्रॅम. समर्थकांचा आकडा इथून येतो. पण ३७ हे सर्वांत चांगल्या रोपातलं एकूण कॅरोटिनॉइड होतं, आणि अभ्यासातल्या लोकांनी भात लोण्यासोबत खाल्ला होता. ज्या घरात फोडणीलाच तेल मोजून पडतं, तिथे ३.८ हा आकडा जसाच्या तसा लावणं धाडसाचं आहे.

फिलिपिन्समध्ये प्रत्यक्ष परवानगी मिळालेल्या जीआर२ई या वाणाच्या पॉलिश केलेल्या तांदळात ग्रॅममागे सरासरी ३.५ मायक्रोग्रॅमच्या आसपास बीटा-कॅरोटीन असतं. नमुन्यानुसार दोन ते सात. हाच आकडा घ्या आणि प्रश्न उलटा विचारा: तीन वर्षांचं मूल दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचा भात खात असेल तर त्याला काय मिळेल? १०० × ३.५ ÷ ३.८ = ९२ मायक्रोग्रॅम. प्रमाण १२ धरलं तर २९.

टक्केवारी ऐकताना मात्र सावध राहा. या वयाच्या मुलांची सरासरी गरज २०० आणि शिफारस केलेलं सुरक्षित प्रमाण ४०० मायक्रोग्रॅम आहे. ९२ हे पहिल्याच्या ४६ टक्के, तर दुसऱ्याच्या २३ टक्के. भाजक बदलला की यश दुप्पट. टक्के सांगणाऱ्याला पहिला प्रश्न हाच टाका: कशाचे टक्के?

पुढची वजावट साठवणीची. बीटा-कॅरोटीन हवा, उजेड आणि उष्णतेनं झडतं. कापणीपासून ताटापर्यंत तांदूळ किती महिने, कुठे आणि कशात राहतो ते विचारा. निम्मं उरलं असं धरलं तर ९२ चे ४६ होतात. शिजवतानाची घट वेगळी.

बियाण्याच्या बाजूनं ‘इव्हेंट’चं नाव विचारायला विसरू नका. नवं जनुक गुणसूत्रात नेमकं कुठे बसलं, त्यावरून इव्हेंट ओळखला जातो. जीआर२-आर१ हा इव्हेंट आपल्याकडच्या ‘स्वर्णा’ या लोकप्रिय भातवाणात उतरवला, तेव्हा रोपं खुजी आणि फिकी निघाली, उत्पन्न घसरलं. कारण जनुक भाताच्याच ओएस-ऑक्स१ या जनुकात घुसून बसलं होतं. यावरून ‘जीएम म्हणजे उत्पन्न घटणार’ असं म्हणता येत नाही. तो दोष त्या इव्हेंटचा होता. पण ‘जनुक टाकलं की झालं’ असं म्हणणाऱ्यालाही हे उत्तर आहे.

अर्धवट उद्धरणं दोन्हीकडून येतात. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं जीआर२ईच्या सुरक्षिततेवर आक्षेप घेतला नाही. त्याच पत्रात पोषणाचा दावा छापण्याइतकं बीटा-कॅरोटीन त्यात नसल्याचंही लिहिलं. समोरचा एक अर्धा वाचून दाखवील, तुम्ही दुसरा वाचा. फिलिपिन्सनं २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं ती रद्द केली. न्यायालयानं सावधगिरीचं तत्त्व (खात्री पटेपर्यंत थांबा) लावलं. तांदूळ अपायकारक असल्याचं सिद्ध झालं म्हणून नव्हे. गोल्डन राइस खाल्लेल्या चिनी मुलांवरचा २०१२ चा शोधनिबंध २०१५ मध्ये मागे घेतला गेला, तो पालकांच्या संमतीच्या प्रश्नावरून. त्यातला २.३ हा रूपांतराचा आकडा हिशेबात घेऊ नका, पण त्याला बनावटही म्हणू नका.

बीटी कापसाचा अनुभव इथे थेट लावणंही चुकतं. तो संकरित असल्यानं बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गोल्डन राइस सरळ वाणात उतरवलेला आहे, आणि वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा कमी मिळवणाऱ्या शेतकऱ्याला बियाणं राखून ठेवायची मुभा परवान्यातच आहे. मालकीचा प्रश्न जरूर विचारा, पण त्या पिकाचा परवाना वाचून. (‘आम्ही जीएम खातच नाही’ म्हणणाऱ्यांनी सरकीचं तेल आठवावं.)

शेवटी तुलना, आणि ती नुसत्या साध्या तांदळाशी नको. भारतात मुलांना नवव्या महिन्यात एक लाख आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट अ जीवनसत्त्व तोंडावाटे दिलं जातं. ते किती मुलांपर्यंत पोचतं, ते अंगणवाडीच्या नोंदीतून काढा. घराजवळ शेवगा असेल तर पाला ताटात का येत नाही, तेही विचारा. जनुकं न बदलता, निवडीनं तयार झालेली पिकंही मोजा: आफ्रिकेतलं नारिंगी रताळं किंवा इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांची लोहसमृद्ध ‘धनशक्ती’ बाजरी. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी रोज देऊन रक्तातलं लोह मोजलं गेलं, आणि ज्यांच्यात ते कमी होतं त्यांच्यात फरक दिसला. गोल्डन राइसवाल्यांकडे मागायचा पुरावा या जातीचा आहे: दाण्यातला आकडा नको, रोज खाणाऱ्या मुलांच्या रक्तातला हवा.

रेशनच्या तांदळातले वेगळे दिसणारे दाणे कुणी ‘जीएम’ किंवा ‘प्लॅस्टिक’ म्हणून दाखवले तर तिथेच थांबवा. तो गुणसंवर्धित तांदूळ: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ मिसळून दाबलेले दाणे, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. ते वेचून टाकू नका.