घरातल्या गर्दीच्या नेटवर्कवर महत्त्वाचा कॉल: तयारीची यादी

मागच्या वेळी मुलाखतीचा कॉल होता. राउटर बंद करून सुरू केला होता, हेडसेट तपासला होता, दार लावून घेतलं होतं. दहाव्या मिनिटाला समोरून "तुमचा आवाज तुटतोय" सुरू झालं. मला मात्र त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, म्हणून मी त्यांनाच सांगत राहिले की अडचण तुमच्याकडे असेल. अडचण माझ्याच घरात होती. आतल्या खोलीत आईच्या फोनवरून सहलीचे व्हिडिओ बॅकअपला चढत होते आणि अपलोड गच्च भरलं होतं. ती नोकरी गेली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितेय.

आदल्या दिवशी सगळ्यात आधी अपलोड बघा. डाउनलोड नव्हे, अपलोड. बहुतेक जण स्पीड टेस्टचा पहिला मोठा आकडा बघून खूश होतात. पण तुमचा आवाज घरातून बाहेर जातो तो अपलोडवरून, आणि अनेक कनेक्शनवर ते डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतं. तुम्हाला त्यांचं नीट ऐकू येतंय आणि त्यांना तुमचं नाही, तर आधी संशय स्वतःच्या अपलोडवर घ्या.

आवाजाला जागा फार लागत नाही. साध्या कॉलला एका दिशेने १०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पुरतात. त्याला हवं असतं वेळेवर पोचणं. बोलणं साधारण दर २० मिलिसेकंदांना एक अशा माहितीच्या छोट्या तुकड्यांमधून, म्हणजे पॅकेटांमधून जातं, म्हणजे सेकंदाला ५०. फोटोचं पॅकेट उशिरा पोचलं तर फोटो उशिरा चढतो, एवढंच. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते फेकूनच द्यावं लागतं, कारण तोवर वाक्य पुढे गेलेलं असतं. १ जीबीचा व्हिडिओ १० एमबीपीएसच्या अपलोडवरून जायला १३ मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ तुमचा आवाज त्याच्यामागे रांगेत उभा असतो.

हे डोळ्यांनी बघा. लॅपटॉपवर पिंग चालू ठेवा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवणारी कमांड (विंडोजवर शेवटी हायफन आणि टी लावा, नाहीतर चार उत्तरं देऊन ते थांबतं). माझ्याकडे १८, २०, १९ असे आकडे येत होते. मग फोनवरून एक मोठा व्हिडिओ चढवायला घेतला आणि पुढच्याच ओळींत ४००, ६५०, ८००. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, त्यापुढे माणसं एकमेकांचं बोलणं तोडायला लागतात. नेटवर्क रिकामं असताना केलेली चाचणी काही कामाची नाही. अपलोड भरलेलं असतानाच तपासा.

उपाय राउटरमध्ये आहे. एसक्यूएम (पॅकेटांची रांग लहान ठेवणारी सोय) असेल तर ते चालू करा. नसेल तर क्यूओएसमध्ये (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) अपलोडची मर्यादा घाला आणि कॉलच्या लॅपटॉपला पहिला क्रमांक द्या. मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, १० एमबीपीएस मिळत असेल तर ९च्या आतच. स्वतःहून वेग कमी करायला हात धजत नाही, माझाही धजला नव्हता. पण त्यामुळे रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणी आधी जायचं हे ठरवता येतं. आकडा घरात सगळे असतानाच्या वेळी, संध्याकाळी मोजा. त्यानंतर पिंगची चाचणी पुन्हा करा, अपलोड चालू ठेवूनच.

मग अपलोड खाणारे शोधा. फोटो बॅकअप, क्लाउड सिंक, ऑनलाइन रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा, दुसऱ्या संगणकांना अपडेट पाठवणारा गेमिंगचा संगणक. सगळे फोन, फक्त तुमचा नव्हे. फोन चार्जिंगला लावला आणि वायफायवर आला की बॅकअप आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे "मी काही चालू केलेलं नाही" या उत्तरावर विसंबू नका. फोन हातात घेऊन सेटिंग उघडून बघा.

लॅपटॉपला लॅन केबल लावा. वायफायच लागत असेल तर ५ गीगाहर्ट्झ वापरा आणि राउटरच्याच खोलीत बसा, भिंतींपलीकडे तो पट्टा लवकर ढेपाळतो. २.४ गीगाहर्ट्झवर नाइलाज असेल तर चॅनल १, ६ किंवा ११, आणि कॉलभर मायक्रोवेव्ह बंद. पण केबल लावली म्हणजे झालं असं समजू नका. केबलने वायफायची कटकट जाते, अपलोडची रांग तशीच राहते.

कॉल एसआयपीवरचा (इंटरनेट फोनची एक पद्धत) असेल आणि एकाच बाजूचा आवाज येत असेल, तर राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे अशा कॉलच्या पॅकेटांत फेरफार करणारं सेटिंग, बंद करून बघा.

कॉलच्या तासभर आधी घरच्यांना वेळ सांगा, बॅकअप थांबवा, हेडसेट, चार्जर. मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट एकदा जोडून बघा. पाच मिनिटं आधी पिंग. आकडे उड्या मारत असतील तर अजून कोणीतरी अपलोड करतंय, उठा आणि शोधा. कॉलमध्ये आवाज तुटला तर आधी स्वतःचा व्हिडिओ बंद, मग हॉटस्पॉट.

संपल्यावर थांबवलेले बॅकअप आठवणीने सुरू करा, आईच्या फोनवरचासुद्धा.