माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ पुन्हा बोलता करायचा तर

जुना रेडिओ माळ्यावरून खाली आला, वरची धूळ झटकली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "लावून तर बघू!" नेमका हाच क्षण सांभाळायचा. चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसलेल्या व्हॉल्व्हच्या (म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) रेडिओचं सगळ्यात मोठं नुकसान माळ्यावर होत नाही, ते प्लग लावल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत होतं.

आत्याच्या घरचा रेडिओ माझ्याकडे आला तो असाच. आतेभावाने दसऱ्याला कौतुकाने प्लग लावला होता. आधी जोरात घरघर, मग जळका वास, मग काहीच नाही. उघडून पाहिलं तर मेन्स ट्रान्सफॉर्मरचं (घरातली वीज आतल्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या ठोकळ्याचं) वाइंडिंग, म्हणजे तारेचं गुंडाळं, काळं पडलेलं. कारण होतं एक किरकोळ किमतीचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग. ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घ्यायला दीड महिना गेला. म्हणून खालचा क्रम मी कधी मोडत नाही, तुम्हीही मोडू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. या संचांच्या आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी खेळत असतं आणि बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतं. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा सराव नसेल, तर साफसफाई आणि लाकूडकाम घरी करा; आतलं काम जाणत्या मेकॅनिककडून करून घ्या आणि त्याच्या शेजारी बसून पाहा.

संच कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

पाठीमागचा पुठ्ठा काढा. चासीवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर, मुठीएवढा लोखंडी पट्ट्यांचा जड ठोकळा दिसला, तर तो मेन्स ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हचे नंबर वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे 'ई'पासून सुरू होणारे असतील, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) ६.३ व्होल्टचं आहे आणि संच एसीवर चालणारा आहे. दुरुस्तीला हा सगळ्यात सरळ.

नंबर 'यू'पासून सुरू होत असतील (यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५), तर सावध व्हा. त्या काळी काही ठिकाणी डीसी वीज होती आणि हे संच दोन्हींवर चालावेत म्हणून त्यांत ट्रान्सफॉर्मरच नसे. सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंट सिरीजमध्ये जोडलेली आणि चासी थेट वीजवाहिनीला. प्लग उलटा बसला की अख्खी चासी 'लाइव्ह'. नॉबचा स्क्रू बोटाला लागला तरी जीवावर बेतू शकतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (संचाला मेन्सपासून वेगळं ठेवणारा) नसेल तर या जातीला हात लावू नका, आणि तिच्या चासीला अर्थिंगची तार तर कधीच जोडू नका.

तिसरी जात गावाकडच्या घरांत सापडते. वीज नसलेल्या गावांत बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्ह संच असत. डीके ९६, डीएल ९६ असे 'डी'चे नंबर दिसले, तर फिलामेंट अवघं १.४ व्होल्टचं असतं आणि वरचा पुरवठा ९० व्होल्टच्या बॅटरीचा. या संचाला घरातली वीज दाखवायची नाही.

यापुढचं सगळं पहिल्या, ट्रान्सफॉर्मरच्या संचाबद्दल आहे.

उघडणं आणि साफ करणं

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मोबाइलने वीस-पंचवीस फोटो काढा. स्पीकरच्या तारा कुठे जोडल्यात, कोणता व्हॉल्व्ह कुठे बसलाय, आणि मुख्य म्हणजे डायलचा दोरा कोणत्या पुलीवरून कसा फिरलाय आणि ट्यूनिंगच्या खुंटीला किती वेढे आहेत. तो दोरा आज ना उद्या तुटणारच, आणि तेव्हा आठवणीच्या भरवशावर तो बसत नाही.

नॉब पुढे ओढून निघतात किंवा त्यांच्या कडेला बारीक स्क्रू असतो. निघत नसेल तर पकडीने पिळू नका. नॉबमागे सुती कापडाची पट्टी घालून दोन्ही टोकं सरळ पुढे ओढा. मग तळाचे चार स्क्रू काढले की चासी मागे सरकते.

उंदराच्या लेंड्या असतील तर मास्क आणि हातमोजे हवेतच. अशी घाण कोरडी झाडू नये, आधी जंतुनाशक शिंपडून ओली करून पुसून घ्यावी. उरलेली धूळ एक इंची रंगाच्या ब्रशने मोकळी करायची आणि व्हॅक्यूम क्लीनरची नळी जवळ धरून ओढून घ्यायची. व्हॉल्व्हमागे राखाडी, तंतुमय तक्ता चिकटवलेला दिसला, तर तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो खरवडू नका.

आता सगळ्यात हळवी जागा, डायलची काच. शहरांची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात. त्या बाजूला ओला कपडा लागला की दिल्ली, लाहोर, कोलंबो कपड्यावर उतरतात आणि परत येत नाहीत. बाहेरची बाजू खुशाल पुसा. आतून फक्त कोरडा, मऊ ब्रश, तोही अक्षरं टाळून. व्हॉल्व्हच्या काचेवरचे नंबरही असेच पुसले जातात, तेव्हा तिथे बोटसुद्धा जपून.

व्हॉल्व्ह एकेक करून सरळ वर उपसा, हलवत-वाकवत नको. वरच्या टोकाला आतून चंदेरी आरशासारखा डाग दिसायला हवा. तो दुधासारखा पांढरा पडला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला. चंदेरी डाग शाबूत असलेले व्हॉल्व्ह बहुधा चालतात. लोक समजतात तेवढ्या लवकर ते मरत नाहीत.

वीज न लावता तपासणी

मल्टिमीटर ओहमवर ठेवा. प्लगच्या दोन पिनांमध्ये, स्विच चालू करून, दोन आकडी ओहम दिसले तर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वीज आत घेणारं वाइंडिंग) शाबूत आहे. प्रत्येक व्हॉल्व्हचं फिलामेंट तपासा: वर दिलेल्या 'ई'च्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये ते ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर असतं. खालून पाहताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची (स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) प्रायमरी काही शे ओहम दाखवते. तिथे मीटर हललाच नाही, तर वाइंडिंग तुटलेलं आहे. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की 'टक्' असा आवाज आला पाहिजे. कागदी कोन फाटला असेल, तर पातळ टिश्यूपेपरची पट्टी आणि पाणी घालून सैल केलेला फेव्हिकॉल पुरतो.

मेन्सची वायर मात्र तपासत बसू नका, बदलाच. जुनं रबर वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं. तीन तारांची नवी वायर घाला, तिची अर्थ चासीला जोडा, फेज स्विचमधून जाऊ द्या आणि एक फ्यूज बसवा.

कंडेन्सर: खरं काम इथे आहे

मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तो म्हणजे कपॅसिटर. पुरवठ्यात दोन मोठे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतात, पुष्कळदा एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात, त्यावर '५०+५०, ३५० व्होल्ट' असं काहीतरी लिहिलेलं. त्यांच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो आणि तोच वीज अडवतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो विरत जातो. अचानक पूर्ण व्होल्टेज दिलं, तर कंडेन्सर वीज अडवण्याऐवजी गिळायला लागतो, आणि भार जातो रेक्टिफायर व्हॉल्व्हवर (एसीचं डीसी करणारा, उदाहरणार्थ ईझेड ८०) आणि ट्रान्सफॉर्मरवर. आतेभावाच्या हातून घडलं ते हेच.

त्यांच्या जागी ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे घाला. मोठा म्हणजे चांगला, या समजुतीने १०० किंवा २२० घालू नका. ईझेड ८० च्या मागच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादाच ५० मायक्रोफॅरड आहे, त्याहून मोठा असला की चालू होतानाच्या झटक्याने रेक्टिफायर खराब होतो. जुना डबा चासीवर तसाच राहू द्या, दिसायला. फक्त त्याच्या तारा सोडवा आणि नवे खालच्या बाजूला बसवा. प्लस-मायनस दोनदा बघा.

मग कागदी कंडेन्सर, मेणाने किंवा डांबराने मढवलेले. हे सगळेच्या सगळे बदला, ६३० व्होल्टचे पॉलिस्टर घाला. त्यातला एक तर आजच, बाकीचं काही केलं नाही तरी: ईएल ८४ च्या २ नंबरच्या पिनेला, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट ताब्यात ठेवणाऱ्या ग्रिडला, आधीच्या व्हॉल्व्हमधून आवाज आणून देणारा, बहुधा ०.०१ ते ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर. तो गळका झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो, आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. असा ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाही.

मेन्सच्या दोन तारांमध्ये जोडलेला कंडेन्सर असेल तर तिथे 'एक्स २' वर्गाचाच घाला, आणि मेन्सपासून चासीला जाणारा असेल तर 'वाय' वर्गाचा. हे फक्त या कामासाठीच बनवलेले असतात, तिथे साधा चालत नाही. मायका आणि सिरॅमिकचे राहू द्या. साठच्या दशकातले मोहरीच्या रंगाचे पॉलिस्टरही बहुतेक ठीक असतात.

एका वेळी एकच भाग काढा आणि लगेच त्याच्या जागी नवा लावा. रेझिस्टर मोजून पाहा. लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वाढलेले बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे हे भाग मिळतात. व्हॉल्व्ह मात्र जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि तिथे घेताना चंदेरी डाग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आयएफटीच्या (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) डब्यांतले स्क्रू फिरवायचा मोह होतो. ते फिरवू नका. कारखान्यातून जुळवून आलेलं ते ट्यूनिंग सिग्नल जनरेटरशिवाय परत जुळत नाही.

सिरीज बल्बवर पहिला श्वास

इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड करा. फेजच्या वाटेत होल्डर, त्यात ६० वॅटचा जुन्या तारेचा बल्ब. एलईडी उपयोगाचा नाही. मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असेल तर ती २४० किंवा २५० वर घ्या. पाठ उघडी, खोलीत पुरेसा उजेड, पायात रबरी चप्पल, एक हात खिशात. जवळ दुसरं माणूस असू द्या.

स्विच दिला की बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, मग मंदावतो. अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्ह तापून करंट घेऊ लागले, की पुन्हा थोडा उजळतो. असंच व्हायला हवं. बल्ब लख्खच राहिला तर लगेच बंद करा, आत कुठेतरी शॉर्ट आहे. ठीक असेल तर ईएल ८४ ची २ नंबरची पिन आणि चासी यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास हवं. अर्धा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला, तर आधी कपलिंग कंडेन्सरच्या जोडणीवर संशय घ्या, मग व्हॉल्व्हवर. त्यानंतर १०० वॅटचा बल्ब, मग थेट.

आत हात घालण्याआधी दर वेळी प्लग काढा आणि १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने मोठे कंडेन्सर रिकामे करा. मीटरने शून्य दिसेपर्यंत हात नाही.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर झाली, तर कंट्रोलच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा देऊन वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. बँड स्विचलाही तेच. गंज सोडवायचं तेल इथे वापरू नका, ते मागे चिकट थर ठेवतं. गँगच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरच्या) पात्यांना ब्रशखेरीज काही लावू नका.

पेटी

लाकडी पेटीचं व्हीनिअर पातळ असतं, घासकागदाने एका दमात आरपार जातं. आधी दमट कपड्याने मळ काढा. बहुतेक वेळा जुनं पॉलिश खाली शाबूत असतं. उडालं असेल, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) कापसाच्या बोळ्याने पातळ-पातळ हात देत चढवा. बेकेलाइटला साबणाचं कोमट पाणी, मग धातूच्या पॉलिशचा हलका हात. स्पीकरपुढचं कापड धुवू नका, आटतं.

ऐकण्यासाठी

यातल्या बहुतेक संचांवर एफएम नाही, आणि आकाशवाणीची कितीतरी मीडियम वेव्ह केंद्रं आता बंद झाली आहेत, तेव्हा आपल्या भागात काय चालू आहे ते आधी पाहा. रात्री लांबची केंद्रंही लागतात. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद केले की अर्धी खरखर जाते. पूर्वी घराघरांत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी ताणलेली असे. सहा-सात मीटर साधी तारही तेच काम करते. मागे 'पिकअप' लिहिलेली दोन भोकं असतील, तर तिथे रेकॉर्ड प्लेयर किंवा मोबाइलही जोडता येतो. डावी-उजवी बाजू प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करा. 'यू'वाल्या संचाला मात्र मोबाइल कधीही जोडू नका.

आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी लावा, आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

शेवटी काय काय बदललं ते कागदावर लिहून, तारखेसह, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढे उघडणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. आत्याच्या रेडिओत तिथे कुण्या मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलं होतं: "ईझेड ८० नवा घातला, मार्च १९६८." माझा कागद मी त्या ओळीच्या खाली लावला आहे.